शीत कुठल्या थरातून उचलायचे?

घरच्या पातेल्यातला भात शिजला की नाही, हे एका शितावरून कळते. लग्नाच्या पंक्तीचा आचारी मात्र एका शितावर विसंबत नाही. त्याच्या मोठ्या पातेल्यात तळाचा भात लागायला आलेला असतो, तेव्हा वरच्या थरात अजून कणी असते. म्हणून तो तळाचे, मधले आणि वरचे शीत वेगवेगळे काढून बोटाने चेपून बघतो.

समुद्रातली कोळंबी मोजणाऱ्याची अडचण या आचाऱ्यासारखीच आहे. फरक इतकाच, की त्याचे पातेले हजारो चौरस किलोमीटरचे असते, ते ढवळता येत नाही आणि त्याचे झाकणही कधी निघत नाही. अशा पातेल्यातून किती शिते काढायची आणि कुठून, हे ठरवण्याच्या पद्धतीला स्तरित यादृच्छिक नमुना पाहणी म्हणतात. नाव बोजड आहे, पण एकेक पायरी उतरत गेले तर ती समजायला अवघड नाही. उदाहरण घेऊ पश्चिम ग्रीनलंडच्या समुद्राचे.

कोणती कोळंबी, कुठे

आपल्या किनाऱ्यालगतच्या उबदार, उथळ पाण्यातली ही कोळंबी नव्हे. पँडालस बोरिॲलिस ही थंड पाण्यातली जात. पाण्याचे तापमान शून्याच्या थोडे वर आणि तळाला मऊ चिखल असला की तिचे बस्तान बसते. ती जन्मभर एकाच लिंगाची राहत नाही. आधी नर म्हणून वाढते आणि काही वर्षांनी मादी होते. म्हणजे मोठ्या आकाराची कोळंबी संपली, तर अंडी धरणाऱ्या माद्याच संपल्या. त्यामुळे साठा किती टन आहे, एवढे कळून भागत नाही. त्यात लहान किती, मोठी किती, हेही कळावे लागते.

ग्रीनलंडच्या निर्यातीत या कोळंबीचा वाटा मोठा आहे, म्हणून ती किती पकडू द्यायची याला वार्षिक मर्यादा असते. ही मर्यादा ठरवताना लागणारी एक महत्त्वाची माहिती १९८८ मध्ये सुरू झालेल्या उन्हाळी ट्रॉल पाहणीतून मिळते. हे काम आता नूक शहरातली ग्रीनलंड निसर्गसंस्था करते.

मच्छीमारांनाच का विचारू नये?

हा प्रश्न रास्त आहे. इतके ट्रॉलर तिथे राबत असताना वेगळे जहाज कशाला? त्यांच्या नोंदवह्यांतून दर तासाला किती कोळंबी मिळाली ते काढता येते, आणि ते काढलेही जाते.

पण मच्छीमार कोळंबी असते तिथेच जाळे टाकतो. ते त्याचे कसब आहे. समजा साठा निम्म्यावर आला आणि उरलेली कोळंबी थोड्याच जागी गोळा झाली. जाणता तांडेल नेमका त्याच जागी जाईल आणि त्याचे जाळे पूर्वीइतकेच भरेल. समुद्र रिता होत चालला तरी नोंदवही भरल्या घराचेच चित्र दाखवत राहील. म्हणून जाळे कुठे टाकायचे हे ज्यात कोणाच्याही अंदाजावर सोपवलेले नाही, अशी एक मोजणी हवी. जागा चिठ्ठी टाकून ठरवायची.

मग खोली कशासाठी?

नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तरी उत्तर येते, पण ते महाग पडते. साठ चिठ्ठ्यांपैकी चाळीस योगायोगाने कोळंबी नसलेल्या भागात पडल्या, तर त्या वर्षीचा आकडा खाली जाईल. पुढच्या वर्षी उलटे होईल. साठा आहे तसाच, आणि आकडा मात्र वरखाली.

उपाय असा, की समुद्राचे आधीच असे भाग पाडायचे की एका भागाच्या आत कोळंबीची दाटी साधारण सारखी असेल. हे भाग कशावरून पाडायचे? कोळंबीला तापमानाचे वेड आहे, म्हणून तापमान सुचेल. पण ते दर वर्षी बदलते आणि जहाज पोहोचेपर्यंत कळत नाही. जिच्यावरून भाग पाडायचे ती गोष्ट सगळ्या क्षेत्रासाठी आधीच माहीत हवी आणि ती जागची हलता कामा नये. या दोन्ही अटींना खोली उतरते. ती सागरी नकाशावर छापलेली असते, शिवाय तापमान, तळाचा चिखल आणि खाद्य यांच्याशी तिचा संबंध असतो. एक खोली धरली की बाकीचे बरेचसे तिच्यामागून येते.

पश्चिम ग्रीनलंडच्या पाहणीत १५० ते २००, २०० ते ३००, ३०० ते ४०० आणि ४०० ते ६०० मीटर असे खोलीचे पट्टे आहेत. वावाच्या हिशोबात सांगायचे तर सुमारे ऐंशी वावांपासून सव्वातीनशे वावांपर्यंत. किनारा लांबलचक असल्याने त्याचे उत्तर-दक्षिण असेही भाग केलेले आहेत. भौगोलिक भाग आणि खोलीचा पट्टा मिळून एक स्तर होतो. प्रत्येक स्तराचे क्षेत्रफळ नकाशावरून मोजून ठेवतात, कारण शेवटच्या गणितात ते लागणार असते.

कुठल्या स्तरात किती ओढी?

जाळे एकदा तळावर सोडून, ठरावीक वेळ ओढून वर घेणे म्हणजे एक ओढ. जहाजाचे दिवस मोजके, म्हणून ओढीही मोजक्याच. त्या वाटायच्या कशा?

मोठ्या स्तराला जास्त आणि लहानाला कमी, हा सरळ न्याय. पण आचाऱ्याला विचारा. जो थर एकसारखा शिजलाय त्यातली दोन शिते पुरतात; जिथे एक शीत कच्चे आणि शेजारचे गाळ झालेले, तिथे दहा बघावी लागतात. म्हणजे क्षेत्रफळाबरोबर त्या स्तरातला चढउतारही बघायला हवा. येर्झी नेमन या संख्याशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये हाच नियम मांडला: क्षेत्रफळ गुणिले प्रमाण विचलन, म्हणजे चढउताराचे माप. या गुणाकाराच्या प्रमाणात नमुने वाटावेत.

एक काल्पनिक समुद्र घेऊ. त्यात तीन स्तर आहेत आणि आपल्या हाती ६० ओढी. उथळ स्तर ४,००० चौरस किलोमीटरचा, चढउतार १. मधला ६,००० चा, चढउतार ६, कारण तिथे कोळंबीचे थवे आहेत आणि मधेमधे रिकामी जागा. खोल स्तर १०,००० चा, चढउतार २. गुणाकार येतात ४,०००, ३६,००० आणि २०,०००, बेरीज ६०,०००. म्हणजे ओढी ४, ३६ आणि २०. केवळ क्षेत्रफळावर वाटल्या असत्या तर १२, १८ आणि ३० झाल्या असत्या. मधल्या स्तराच्या ओढी दुप्पट झाल्या आणि सर्वांत मोठ्या स्तराच्या एक तृतीयांशाने घटल्या.

इथे एक पेच आहे. चढउतार मोजायलाच तर निघालोय; तो आधी कसा कळणार? मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून अंदाज बांधायचा. पण अंदाजावर केलेली वाटणी कितपत चालते? नेमनच्या लंडनमधल्या एका मराठी विद्यार्थ्याने १९३५ च्या शोधनिबंधात याच प्रश्नाला हात घातला. ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पुढे भारतात परतल्यावर पीक कापणी प्रयोगांतून उत्पादनाचा अंदाज काढण्याची पद्धत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. गव्हाचे शेत असो की कोळंबीचा चिखल, पेच एकच. व्यवहारातला मार्ग असा, की जुन्या आकड्यांवर वाटणी करायची, पण एकाही स्तराला दोनपेक्षा कमी ओढी द्यायच्या नाहीत. एकाच ओढीवरून चढउतार कळत नाही.

नकाशावर बोट कुठे ठेवायचे?

आता प्रत्येक स्तरात तेवढे बिंदू संगणकाने चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे. पण चिठ्ठीला स्वतःची खोड असते. मूठभर तांदूळ ताटावर उधळले तर चार दाणे एकमेकांना चिकटून पडतात आणि ताटाचा एक कोपरा मोकळा राहतो. शेजारी शेजारी पडलेल्या दोन ओढी जवळजवळ तीच गोष्ट दोनदा सांगतात. जहाजाचे इंधन फुकट जाते.

त्यावर ग्रीनलंडच्या पाहणीत एक तोड काढली गेली. किंग्जली, कानेवॉर्फ आणि कार्लसन यांनी २००४ मध्ये ती मांडली. बिंदू एकेक करून निवडायचे आणि प्रत्येक नवा बिंदू आधीच्या बिंदूंपासून किमान ठरावीक अंतरावर पडलाच पाहिजे. अंतर मोडले तर तो बिंदू रद्द, पुन्हा चिठ्ठी. जागा नशिबावरच ठरतात, पण दाटीवाटी होत नाही.

तिथली दुसरी युक्ती म्हणजे निम्म्याच्या आसपास जागा मागच्या वर्षीच्याच ठेवायच्या. एखादी जागा यंदा दाट असेल तर पुढच्या वर्षीही ती बरीचशी दाट राहते. त्याच जागी दोन वर्षे जाळे ओढले की दोन वर्षांतला फरक जास्त स्वच्छ दिसतो. उरलेल्या नव्या जागांमुळे पाहणी जुन्या ओळखीच्या ठिकाणांतच अडकून पडत नाही.

बिंदूवर पोहोचल्यावर तळाला खडक निघाला, तर काय करायचे याचाही नियम बंदरातच लिहून ठेवावा लागतो. पर्यायी जागा आधीच निवडलेल्या असाव्यात. नाहीतर थकलेला माणूस सोयीची जागा शोधतो आणि चिठ्ठीचा सारा खटाटोप वाया जातो.

पंधरा मिनिटांची ओढ

रात्री ही कोळंबी तळ सोडून वरच्या पाण्यात चरायला जाते. तळावरून ओढलेल्या जाळ्याला ती मिळत नाही, म्हणून ओढी फक्त दिवसा.

पूर्वी एक ओढ तासाभराची असे. पुढे ती पंधरा मिनिटांवर आणली. कारण सोपे आहे: एकाच जागी तासभर ओढण्यापेक्षा तेवढ्या वेळात अधिक जागी थोडे थोडे ओढलेले बरे. पातेल्याच्या एका कोपऱ्यातून वाडगाभर भात काढून जे कळत नाही, ते चार जागच्या चार शितांवरून कळते.

जाळ्यावरचे संवेदक ते तळाला कधी टेकले आणि त्याचे तोंड किती उघडले आहे हे सांगतात. समजा जहाजाचा वेग ताशी अडीच सागरी मैल आहे. पंधरा मिनिटांत ते सुमारे १.१६ किलोमीटर जाईल. जाळ्याची रुंदी २५ मीटर धरली, तर सुमारे ०.०२९ चौरस किलोमीटर तळ झाडला गेला. कोळंबी १०० किलो मिळाली असेल तर दाटी झाली चौरस किलोमीटरला सुमारे साडेतीन टन.

डेकवर जात वेगळी करून वजन होते. मग एक वाटा घेऊन त्यातली प्रत्येक कोळंबी मोजतात. मापायचे ते मात्र शेपटीपर्यंत नव्हे. शेपूट वाकते आणि माप चुकते. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंतच कॅलिपर लावतात. या मापांवरून दोन वर्षांची पोरे किती आहेत हे दिसते, आणि येत्या वर्षांतल्या पिकाचा अंदाज तिथून सुरू होतो.

शेवटची बेरीज

काल्पनिक समुद्राकडे परत येऊ. तीन स्तरांतली सरासरी दाटी चौरस किलोमीटरला १, ५ आणि २ टन आली. प्रत्येकीला आपापल्या क्षेत्रफळाने गुणले की ४,०००, ३०,००० आणि २०,००० टन. एकूण ५४,००० टन.

पण एवढ्यावर थांबलो तर हिशोब अर्धाच. चूक किती असू शकते? नेमनच्या वाटणीने या अंदाजाची प्रमाण त्रुटी सुमारे ७,७०० टन येते. क्षेत्रफळाच्या वाटणीने ९,३००. स्तर न पाडता नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर १०,१००. नुसत्या चिठ्ठ्यांनी ७,७०० वर यायचे म्हटले तर ६० ऐवजी १०३ ओढी लागल्या असत्या. किनाऱ्यावर बसून केलेल्या वाटणीने त्रेचाळीस ओढी वाचवल्या.

हा ५४,००० टनांचा आकडा म्हणजे समुद्रातली सगळी कोळंबी मात्र नव्हे. काही जाळ्याखालून निसटते, काही त्याच्या वरून पोहत असते. म्हणून या आकड्याकडे वजनकाट्यासारखे न बघता उंची मोजायच्या भिंतीवरच्या खुणेसारखे बघायचे: यंदा वर की खाली? आणि भिंत हलता कामा नये. २००५ मध्ये तिथे जुन्या स्क्येरवॉय जाळ्याऐवजी कॉस्मॉस जाळे आले, तेव्हा दोन्हींच्या ओढींची तुलना करून जुने आकडे नव्या मापात बसवावे लागले. पाहणीचे पामिउट हे जहाज थांबल्यावर भाड्याच्या जहाजांवरही तेच जाळे आणि तेच संवेदक चढवले गेले. वार्षिक मर्यादा ठरवताना या खुणेच्या जोडीला ट्रॉलरांच्या नोंदी घेतात आणि कोळंबीवर ताव मारणारा कॉड मासा किती आहे, तेही हिशोबात धरतात.

आराखड्याची खरी परीक्षा मात्र एखाद्या साध्या सकाळी होते. चिठ्ठीने दिलेली जागा बघून अनुभवी तांडेल सांगतो, इथे काही मिळायचे नाही. जाळे सोडतात, पंधरा मिनिटांनी वर घेतात, आणि त्याचेच खरे ठरते: चिखल, दोन तारामासे, कोळंबी नाही. तरी वहीत त्या ओढीपुढे शून्य लिहायचे आणि सरासरी काढताना ते मोजायचे. ते शून्य गाळले की दाट जागांच्याच ओढी उरतात, आणि मग मोजणी आणि मासेमारी यांत काही फरक राहत नाही.