परदेशातील घर सोडताना

जेथे व्यापार तेथे मुक्काम, ही जैन व्यापारी कुटुंबांची जुनी रीत. गेल्या शतकातील साठच्या दशकापासून पालनपूरची कुटुंबे हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त बेल्जियममधील अँटवर्प येथे स्थिरावली. शहरालगतच्या विल्राइक उपनगरात संगमरवरी जिनालय उभे राहिले. आता त्या व्यापाराने कूस बदलली आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२४ पासून रशियन हिऱ्यांवर निर्बंध घातले, दुबई आणि मुंबईच्या बाजारांचे महत्त्व वाढले. अशा वेळी तेथील बिऱ्हाड हलवू पाहणाऱ्या कुटुंबापुढे पहिली चिंता उभी राहते ती नऊ वर्षांच्या भाडेकराराची.

बेल्जियममध्ये राहत्या घराचा करार सामान्यतः नऊ वर्षांचा असतो. हा आकडा पाहून अनेकांना वाटते की मध्येच घर सोडल्यास उरलेल्या सर्व वर्षांचे भाडे भरावे लागेल. वस्तुस्थिती तशी नाही. भाडेकरूला असा करार केव्हाही, कारण न देता, तीन महिन्यांची लेखी सूचना देऊन संपवता येतो. करार पहिल्या वर्षात संपला तर तीन, दुसऱ्या वर्षात दोन आणि तिसऱ्या वर्षात एक महिन्याचे भाडे भरपाई म्हणून द्यावे लागते. त्यानंतर भरपाई नाही. अँटवर्प ज्या फ्लांडर्स प्रदेशात आहे, तेथे २०१९ पासून झालेल्या तीन वर्षांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या करारांतही भाडेकरूला हा मार्ग खुला असून भरपाई अनुक्रमे दीड, एक आणि अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतकी असते.

समजा, घरभाडे दरमहा १२०० युरो आहे आणि करार दुसऱ्या वर्षात संपतो. सूचनेच्या काळातील भाडे ३६०० युरो आणि भरपाई २४०० युरो, म्हणजे एकूण ६००० युरो. उरलेल्या सात वर्षांचे भाडे मात्र एक लाख युरोंहून अधिक होते. भीती आणि कायदा यांतील अंतर एवढे मोठे आहे.

सूचनेची मुदत पत्र दिल्याच्या दिवसापासून नव्हे, तर पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मोजली जाते. १० मार्चला दिलेली सूचना ३० जूनला पूर्ण होते. पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवावे आणि त्यावर पती-पत्नी दोघांच्या सह्या असाव्यात. करार दोन महिन्यांत शासनाकडे नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. ती मुदत उलटूनही नऊ वर्षांचा करार नोंदलेला नसेल, तर फ्लांडर्समध्ये भाडेकरू सूचना व भरपाईविना घर सोडू शकतो. म्हणून नोंदणीची खात्री आधी करून घ्यावी.

पेढीचा हिशोब मात्र निराळा. किरकोळ विक्रीच्या दुकानाचा करार भाडेकरूला दर तीन वर्षांच्या अखेरीस, सहा महिने आधी सूचना देऊन संपवता येतो. केवळ कार्यालयासाठी घेतलेल्या जागेला असे कायदेशीर संरक्षण नाही. करारात बाहेर पडण्याचे कलम नसेल, तर मालकाच्या संमतीवाचून सुटका कठीण. ते कलम सही करण्यापूर्वीच मागून घेणे हाच खरा उपाय.

चावी टपालपेटीत टाकून रातोरात विमान गाठण्याचा मोह काहींना होतो. त्याने करार संपत नाही. भाडे साचत राहते आणि प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. अनामतही अडकते, कारण बँकेतील स्वतंत्र खात्यात ठेवलेली ही रक्कम दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने किंवा न्यायालयाच्या निर्णयानेच मोकळी होते. म्हणून निघण्यापूर्वी मालकासमवेत घराची पाहणी करावी, प्रवेशाच्या वेळच्या स्थितीवर्णनाशी ती ताडून पाहावी आणि चावी दिल्याची पावती घ्यावी. स्वतः थांबणे शक्य नसेल, तर विश्वासू व्यक्तीला लेखी अधिकार द्यावा.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, गणले गेले आहे. परक्या देशाचा नियम हाही श्रावकासाठी नियमच. शिवाय तेथील घरमालक पुढच्या जैन कुटुंबाला घर देताना आधीचा अनुभव आठवतो. सहा हजार युरो चुकते करून मागे ठेवलेली पत नव्याने येणाऱ्या बिऱ्हाडाच्या कामी येते.