सौरपॅनेल आणि सैल जोडणी

छतावर सौरपॅनेल म्हणजे आगीला आमंत्रण, ही भीती अवाजवी आहे. खरा धोका बहुधा सैल जोडणीत असतो. घरातला एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून अशा जोडणीतल्या ठिणगीला विझायला वाव मिळतो. पॅनेलचा डीसी प्रवाह अखंड वाहतो, आणि काही शे व्होल्टवर ती ठिणगी पेटतीच राहते. म्हणूनच वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी जोडू देऊ नका; ती जोडणी सैल राहू शकते. ‘एमसीबी आहे ना?’ असे कोणी म्हणेल. पण सैल जोडणीमुळे प्रवाह वाढतच नाही, मग एमसीबी पडेल कशी? मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या तारांत वीज असतेच. आग लागली तर अग्निशमन दलाला छतावर सौरपॅनेल असल्याचे आधी सांगा.