जड गाडें ओढण्यास इंजिन कोणतें : पेट्रोलचें कीं डिझेलचें?

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांत राजूर हें गांव आहे. पोटांत कोळसा व चुनखडी आणि पाठीवर कपाशीची काळी जमीन, अशी तेथील भूमीची रचना आहे. खाण, चुन्याच्या भट्ट्या आणि शेती या तिन्ही व्यवसायांत एक गोष्ट समान आहे : माल जड असतो आणि तो ओढून न्यावा लागतो. पूर्वीं हें काम बैलांच्या बंडीनें होई. आज तें बहुतांशीं ट्रॅक्टर आणि त्याच्यामागें जोडलेली ट्रॉली करते.

समजा, येथील एका चुनाभट्टीवाल्या कुटुंबास मालाच्या वाहतुकीसाठीं नवें वाहन घ्यावयाचें आहे. वडिलांच्या मनांत डिझेलचा ट्रॅक्टर आहे. नागपुरास शिकून आलेला मुलगा म्हणतो, "बाबा, तुमचा ट्रॅक्टर पंचेचाळीस अश्वशक्तीचा. पेट्रोलची साधी मोटार ऐंशी अश्वशक्तीची असते. मग दुबळें जनावर कशाला विकत घ्यायचें?" वडील उत्तर देतात, "अरे, घोडे मोजल्यानें ओझें हालत नसतें."

या वादांत कोणाचेंच म्हणणें सर्वस्वीं चूक नाहीं. परंतु निवड चुकली तर कर्जाचे हप्ते अनेक वर्षें फेडावे लागतात. आणि भरलेली ट्रॉली उतारावर हाताबाहेर गेली, तर होणारी हानि पैशांनीं भरून येत नाहीं. शहरांतील ज्या गृहस्थास ट्रॉलीशीं कर्तव्य नाहीं, त्यालाही मोटार घेतांना हाच प्रश्न लहान प्रमाणावर पडतो. म्हणून त्याचें मूळ समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम दोन्ही इंजिनांतील भेद पाहूं. जर्मनींत निकोलस ऑटो यानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन यशस्वी करून दाखविलें. आजचें पेट्रोल इंजिन त्याच वंशांतील आहे. त्यांत हवा व पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें दाबलें जातें आणि विजेच्या ठिणगीनें पेटविलें जातें. हें मिश्रण फार दाबतां येत नाहीं. कारण प्रमाणाबाहेर दाबल्यास तें ठिणगीची वाट न पाहतां भलत्याच वेळीं भडकतें आणि इंजिन आंतून ठोके देऊं लागतें. म्हणून पेट्रोल इंजिनांत मिश्रण साधारणतः मूळच्या आकाराच्या आठव्या ते बाराव्या हिश्श्यापर्यंतच दाबतात.

रुडॉल्फ डिझेल यानें निराळा मार्ग धरला. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाची नळी तापते, हा अनुभव प्रत्येक मुलाला असतो. दाबलेली हवा तापते, हेंच त्या इंजिनाचें मर्म होय. डिझेल इंजिनांत केवळ हवा आंत घेतात आणि ती पंधराव्या ते विसाव्या हिश्श्याइतकी दाबतात. तिची उष्णता ५०० अंशांच्या वर जाते. मग बारीक छिद्रांतून डिझेलचा फवारा आंत सोडला कीं तें ठिणगीवांचून आपोआप पेटतें. १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें या इंजिनाची यशस्वी परीक्षा झाली, तेव्हां इंधनांतील सुमारें शेंकडा २६ उष्णतेचें त्यानें कामांत रूपांतर केलें. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हा आंकडा स्वप्नवतच होता.

जास्त दाबापासून दोन परिणाम निघतात. पहिला असा कीं, तेवढ्याच इंधनांतून अधिक काम मिळतें. दुसरा असा कीं, एवढा दाब सोसण्यासाठीं इंजिनाचें सर्व अंग जाड व भक्कम करावें लागतें; त्यामुळें तें वजनदार, महाग आणि सावकाश फिरणारें होतें. डिझेलचे गुण आणि दोष दोन्ही या एकाच मुळाशीं येऊन मिळतात.

आतां त्या पंचेचाळीस आणि ऐंशी घोड्यांचें कोडें सोडवूं. अश्वशक्ति म्हणजे ठराविक वेळांत किती काम होतें याचें माप. आंस फिरविण्याचा जो जोर, ज्याला कारागीर टॉर्क म्हणतात, तो निराळा. विहिरीच्या रहाटाचें उदाहरण घेतलें तर जोर म्हणजे एका फेऱ्यास लावलेलें बळ, आणि अश्वशक्ति म्हणजे तें बळ व मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार. ट्रॅक्टरचें इंजिन मिनिटास सुमारें २००० फेऱ्यांवर आपली पंचेचाळीस अश्वशक्ति देतें. त्या वेळीं त्याचा जोर सुमारें १६० न्यूटन-मीटर भरतो. लहान पेट्रोल मोटारीचें इंजिन ऐंशी अश्वशक्ति देतें खरें, पण ६००० फेऱ्यांवर. आणि त्याचा जास्तींत जास्त जोर ११० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तोही चार हजार फेऱ्यांच्या सुमारास. भरलेली ट्रॉली जागची हलविण्याच्या क्षणीं इंजिन सावकाश फिरत असतें. नेमक्या त्या क्षणीं डिझेल जोर देतें, आणि पेट्रोलला आधीं पळावें लागतें. तेवढ्या वेळांत क्लच घासून जळतो.

यावर मुलगा म्हणेल कीं, गिअर बदलून जोर वाढवितां येतो. तेंही खरें आहे. म्हणून हिशेब करून पाहणें बरें. दोन टनांचा ट्रॅक्टर आणि मालासकट सहा टनांची ट्रॉली मिळून आठ टन होतात. चांगल्या सपाट डांबरी रस्त्यावर चाकांचा अडथळा वजनाच्या सुमारें शेंकडा दीड, म्हणजे १२० किलोभाराएवढा असतो. कच्च्या रस्त्यावर तो शेंकडा पांचपर्यंत, म्हणजे ४०० किलो होतो. आणि पावसानें भिजलेल्या काळ्या जमिनींत शेंकडा दहाच्याही पुढें जातो. वीस फुटांत एक फूट असा चढ लागला तर त्यांत आणखी ४०० किलोंची भर पडते. डांबरी रस्त्यावरील अशा चढावर एकूण ५२० किलोंची ओढ लागेल. ताशीं १५ किलोमीटर वेगानें चढावयाचें तर चाकांपाशीं सुमारें २९ अश्वशक्ति हवी. गिअरांतील घट धरून इंजिनास चौतीस लागतील. पंचेचाळीसच्या ट्रॅक्टरला हें सहज झेपतें.

ऐंशी अश्वशक्तीचें इंजिन कागदावर हाच चढ ताशीं ३५ किलोमीटर वेगानें चढेल. परंतु त्यासाठीं तें सारा वेळ ६००० फेऱ्यांवर किंचाळत ठेवावें लागेल. मोटारीचें इंजिन क्षणभर तसें धांवण्यासाठीं केलेलें असतें, तासन् तास नव्हे. शिवाय पुढचीं चाकें ओढणाऱ्या लहान मोटारीच्या त्या चाकांवर सहाशें किलोंच्या आसपासच भार असतो. कोरड्या रस्त्यावर त्या भाराच्या शेंकडा साठसत्तर इतकीच पकड मिळते, म्हणजे सुमारें ४०० किलो. ओढ हवी ५२० किलोंची. चाकें जागच्या जागीं फिरतील आणि गाडी हलणार नाहीं. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकांवर त्याच्या वजनाचा मोठा वांटा असतो, आणि ट्रॉलीच्या दांड्याचा भारही तेथेंच पडतो. म्हणजे ओझें इंजिन एकटें ओढीत नाहीं. वजन, चाकें आणि गिअर मिळून ओढतात.

अलीकडे टर्बो बसविलेलीं पेट्रोल इंजिनें कमी फेऱ्यांवरही चांगला जोर देतात, हें येथें नमूद केलें पाहिजे. तथापि सतत जड ओझें लादल्यास तीं फार तापतात, आणि तीं थंड राखण्यासाठीं जादा पेट्रोल खर्ची पडतें. जाहिरातींत दिसणारी काटकसर अशा वेळीं टिकत नाहीं.

खर्चाकडे वळूं. एक लिटर डिझेलमध्यें एक लिटर पेट्रोलपेक्षां शेंकडा दहाबारा अधिक उष्णता असते, आणि इंजिनही तिचा अधिक चांगला उपयोग करतें. ओझ्याच्या कामांत डिझेलला जेथें १०० लिटर लागतात, तेथें पेट्रोलला साधारणतः १३० लिटर धरावे. भट्टीवाल्याच्या वाहनास वर्षाला २००० लिटर डिझेल लागत असेल, तर पेट्रोलचे २६०० लिटर होतील. दोन्हींचा भाव सोयीसाठीं शंभर रुपये धरला, तरी वर्षास ६०,००० रुपयांचा फरक पडतो. उलट ज्याचें काम वर्षाला २०० लिटरांतच भागतें, त्याची बचत केवळ ६,००० रुपये. डिझेल इंजिनासाठीं त्यानें एक लाख रुपये जादा मोजले असतील, तर ते वसूल होण्यास सोळा वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून प्रश्न केवळ ओझ्याचा नाहीं. तें ओझें वर्षांतून किती दिवस ओढावयाचें याचाही आहे.

भावांतील अंतराविषयींही जुनी समजूत सोडली पाहिजे. डिझेलचा भाव सरकार ठरवीत असे तोंवर तें पेट्रोलहून बरेंच स्वस्त असे. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्यें आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्यें बाजाराशीं जोडला गेला. तेव्हांपासून तें अंतर पूर्वींसारखें राहिलेलें नाहीं. अमेरिकेंत पेट्रोलला 'गॅस' म्हणतात, व तेथें डिझेल बहुधा पेट्रोलहून महाग असतें. त्यामुळें तेथें स्थायिक झालेलें मराठी कुटुंब सुटींत घरगाडें मागें जोडून वर्षांतून दोनदां फिरावयास जात असेल, तर मोठें पेट्रोल इंजिनच त्याला परवडतें. देश बदलला कीं हिशेब बदलतो. इंजिनाचा धर्म मात्र बदलत नाहीं.

डिझेलच्या धुराकडे डोळेझांक करून चालणार नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोगकारक असल्याचें जाहीर केलें. भारतांत १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारींस कडक नियम लागू झाले, आणि काजळी अडविणारी गाळणी डिझेल गाडींत आली. ही गाळणी स्वच्छ होण्यास इंजिन बराच वेळ गरम चालावें लागतें. रोज दोन-तीन किलोमीटर बाजारापुरती गाडी काढणाऱ्या शहरी गृहस्थाची गाळणी वारंवार तुंबते. त्याच्यासाठीं पेट्रोलच श्रेयस्कर होय.

तिसरा पर्याय वायूचा. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हां आपल्याकडील अनेक मोटारबसगाड्यांवर लोणारी कोळशापासून वायु तयार करणाऱ्या शेगड्या बसविल्या होत्या. गाड्या चालत, पण शक्ति बरीच घटे. आजचा नैसर्गिक वायु त्याहून पुष्कळ सरस आहे. फेब्रुवारी २०२१ मध्यें त्यावर चालेल असा बदललेला एक डिझेल ट्रॅक्टर नागपूरचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीं लोकांपुढें आणला. धूर कमी आणि इंधन स्वस्त, हे त्याचे लाभ. टाक्यांचें वजन आणि वायु भरण्याच्या सोयीचें अंतर, ह्या अडचणी. जवळ पंप असेल त्यानें त्याचा अवश्य विचार करावा.

महाराष्ट्रास डिझेल इंजिन परकें नाहीं. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्करांचा ऑईल इंजिनांचा कारखाना निघाला, आणि पुढें विहिरीवरच्या इंजिनाचा ठेका गांवोगांव ओळखीचा झाला. त्यामुळें गांवच्या मिस्त्रीला त्याची नाडी कळते. राजूरसारख्या ठिकाणीं या गोष्टीचें मोल मोठें आहे. भाजलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी पडलें तर तो खदखदून तापतो; भर पावसांत चुन्याची ट्रॉली वाटेंत अडकणें म्हणजे केवळ खोळंबा नव्हे, तो धोका आहे. तेथें ताडपत्री जितकी महत्त्वाची, तितकेंच लवकर दुरुस्त होणारें इंजिनही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ओझें ओढणें हें अर्धें काम. तें थांबविणें हें दुसरें अर्धें. वेग दुप्पट झाला कीं थांबविण्याचें काम चौपट होतें. ताशीं १५ ऐवजीं ३० किलोमीटरनें उतरणारी आठ टनांची जोडी चौपट जोरानें पुढें रेटते. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसतील, तर ती ट्रॅक्टरला मागून ढकलून आडवा करते. डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची कित्येक चालकांस खोड असते. चार रुपयांच्या इंधनासाठीं जीव पणास लावण्यासारखें तें आहे. पेट्रोल इंजिन पाय काढतांच हवा कोंडून गाडीस आवरतें. साध्या डिझेलमध्यें तो आवर कमी असतो. म्हणून ज्या खालच्या गिअरमध्यें चढ चढावा, त्याच गिअरमध्यें उतार उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण सोन्यासारखी आहे. तसेंच दांड्याची खीळ रोज तपासावी, आणि रात्रीं ट्रॉलीच्या मागें लाल दिवा व चकाकणारी पट्टी असल्यावांचून ती रस्त्यावर आणूं नये.

तेव्हां निवाडा असा : जड ओझें, कच्चा रस्ता आणि वर्षभर काम, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर डिझेल घ्यावें. ओझें हलकें, रस्ता चांगला आणि काम क्वचित्, तर पेट्रोल किंवा वायु. राजूरच्या त्या कुटुंबांत वडिलांचा ट्रॅक्टर भट्टीसाठीं योग्य. आणि वणीच्या बाजारांत सुटीं पोतीं पोंचविण्यासाठीं पुढेंमागें लहान गाडी घ्यावीशी वाटली, तर तेथें मुलाचें म्हणणें खरें ठरेल. मात्र दोघांपैकीं कोणाचेंही वाहन घ्या, ट्रॉलीच्या ब्रेकचे पैसे आधीं बाजूला काढून ठेवावे, आणि उरलेल्या रकमेंत इंजिन निवडावें.