कॉम्बो डेक म्हणजे काय? तो कसा बांधायचा, कसा खेळायचा आणि पैसे कधी घालायचे

पत्ते म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यासमोर येतात. एक म्हणजे लग्नघरात रात्रभर रंगणारा मेंढीकोट, नाहीतर रमी. दुसरी म्हणजे जुगार. ट्रेडिंग कार्ड गेम या दोन्हीत बसत नाही, म्हणून घरी समजावून सांगताना पंचाईत होते. मी नांदेडला, माझा खेळातला भिडू लातूरला. एसटीनं गेलं तर मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर आणि तीन तासांच्या आसपास वेळ. त्यामुळे आमचे बरेचसे डाव ऑनलाइन होतात आणि महिन्यातून एखादा रविवार समोरासमोर. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या चार-पाच पोरांनी एकच प्रश्न विचारला: "दादा, कॉम्बो डेक बनवू का? एकदम जिंकतो म्हणे." हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उदाहरण म्हणून 'मॅजिक: द गॅदरिंग' घेतो, पण गणित पोकेमॉनला आणि यु-गि-ओला सुद्धा लागू पडतं. फक्त पत्त्यांचे आकडे बदलतात.

आधी खेळ काय आहे ते

मॅजिक हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं बनवला आणि १९९३ मध्ये तो बाजारात आला. नेहमीच्या पत्त्यांत आणि यात मोठा फरक एकच. बावन्न पत्त्यांचा कॅट सगळ्यांचा एकच असतो. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफामध्येही १२० पत्ते ठरलेले असतात. मॅजिकमध्ये मात्र प्रत्येक भिडू हजारो पत्त्यांतून निवडून स्वतःचा कॅट घरून बांधून आणतो. त्यालाच डेक म्हणायचं. डेकमध्ये किमान ६० पत्ते, आणि एका नावाचे जास्तीत जास्त चार (साध्या जमिनी सोडून). सुरुवातीला हातात सात पत्ते, नंतर दर पाळीला एक. दर पाळीला एक 'जमीन' टाकता येते, जमिनीतून 'माना' मिळतो आणि तो खर्चून बाकीचे पत्ते खेळायचे. दोघांकडे २० जीवनगुण. समोरच्याचे शून्यावर आणले की डाव आपला.

म्हणजे अर्धा खेळ टेबलावर बसायच्या आधीच होतो. मला विचाराल तर अर्ध्यापेक्षा जास्तच.

कॉम्बो म्हणजे नेमकं काय

साधा डेक हळूहळू मारतो. आज दोन गुण, उद्या तीन. कॉम्बो डेकमध्ये दोन-तीन पत्ते असे असतात की एकेकटे ते साधेच, पण एकत्र आले की डाव तिथेच संपतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'स्प्लिंटर ट्विन'चं. यात दोन पत्ते लागतात. पहिला 'डिसीव्हर एक्सार्क' हा तीन मानाचा प्राणी. तो समोरच्याच्या पाळीतही अचानक टाकता येतो, आणि मैदानात येताना आपला एखादा आडवा झालेला पत्ता पुन्हा उभा करतो किंवा समोरच्याचा एखादा पत्ता आडवा करतो. (पत्ता वापरला की आडवा ठेवायचा, हा या खेळाचा नियम.) दुसरा पत्ता खुद्द 'स्प्लिंटर ट्विन', चार मानाचा. तो एखाद्या प्राण्यावर चढवायचा. मग तो प्राणी आडवा करून स्वतःची एक नक्कल तयार करू शकतो, आणि ती नक्कल त्याच पाळीत हल्ला करू शकते.

आता जोडून बघा. एक्सार्कवर ट्विन चढवला. एक्सार्क आडवा केला, नक्कल आली. ही नक्कलही एक्सार्कच, म्हणजे मैदानात येताना ती एक पत्ता उभा करणार. तिनं मूळ एक्सार्कला उभं केलं. तो पुन्हा आडवा, पुन्हा नक्कल, पुन्हा उभा. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना लगेच कळेल: हे थांबण्याची अट नसलेलं लूप आहे. एक्सार्कची ताकद फक्त एक, पण वीस नकला झाल्या की वीस गुण.

समोरासमोर खेळताना हे लूप एकदा दाखवायचं आणि "असं दहा लाख वेळा करतो" असं म्हणायचं. नियमात त्याला परवानगी आहे. 'मॅजिक ऑनलाइन'वर मात्र प्रत्येक नकलेसाठी स्वतः क्लिक करावं लागतं आणि घड्याळ चालू असतं. माझा लातूरचा भिडू अशा वेळी वैतागून म्हणतो, "काय करायलास बे? जिंकलास ना, बस की आता!"

जाता जाता एक गंमत. २०१९ मध्ये ॲलेक्स चर्चिल, स्टेला बायडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी दाखवून दिलं की मॅजिकचे पत्ते ठरावीक पद्धतीनं मांडले तर त्यातून ट्युरिंग मशीन उभं करता येतं. म्हणजे तत्त्वतः कॉम्प्युटर जे गणित करू शकतो ते या पत्त्यांतूनही होऊ शकतं.

"चार-चार टाकले की झालं" असं नाही

नवीन पोरं इथेच फसतात. वाटतं असं की चार एक्सार्क आणि चार ट्विन टाकले म्हणजे जोडी दर डावाला येणार. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा, आपण करून बघू.

समजा तुम्ही दुसऱ्या नंबरवर खेळताय. चौथ्या पाळीपर्यंत तुम्ही सात अधिक चार, म्हणजे ११ पत्ते पाहिलेले असतात. उरलेले ४९ डेकमध्येच. आता चारही एक्सार्क त्या ४९ मध्येच अडकले असण्याची शक्यता किती? पहिला तिथे असण्याची ४९/६०, दुसरा ४८/५९, तिसरा ४७/५८, चौथा ४६/५७. चारांचा गुणाकार केला की ०.४३४ येतं. म्हणजे १०० पैकी ४३ डावांत एकही एक्सार्क दिसणार नाही. ट्विनचंही तसंच.

आणि दोन्ही एकत्र? इथे दोन शक्यतांचा सरळ गुणाकार चालत नाही, कारण पत्ते एकाच गठ्ठ्यातून येतात. एकातून 'एक्सार्क नाही' आणि 'ट्विन नाही' वजा करायचं, मग 'दोन्ही नाहीत' हे दोनदा वजा झालेलं असतं म्हणून एकदा परत मिळवायचं. 'दोन्ही नाहीत'साठी आठ पत्ते धरून तोच गुणाकार: ४९/६० पासून ४२/५३ पर्यंत. तो ०.१७६ येतो. उत्तर निघतं ०.३१ च्या आसपास. म्हणजे सोडून द्यायचे डाव किती? १०० मधले ६९! बरं, यात जमिनी वेळेवर मिळतील की नाही हे धरलेलंच नाही.

पहिल्या सात पत्त्यांतच जोडी हातात असण्याची शक्यता तर १४-१५ टक्केच आहे.

आता उपाय. पहिला उपाय म्हणजे पर्यायी पत्ता शोधणं. 'पेस्टरमाइट' नावाचा प्राणी एक्सार्कसारखंच काम करतो. चार एक्सार्क अधिक चार पेस्टरमाइट, असे आठ प्राणी धरले की तोच आकडा ३१ वरून ४५-४६ टक्क्यांवर जातो. एक नवा पत्ता आणि जवळजवळ दीडपट फरक.

दुसरा उपाय म्हणजे जास्त पत्ते बघणं. 'सीरम व्हिजन्स' हा एक मानाचा पत्ता एक पान उचलू देतो आणि वरची पुढची दोन पाहून हवी तशी लावू देतो. नको ती गठ्ठ्याच्या तळाला. अशा पत्त्यांनी तुम्ही ११ ऐवजी १४ पत्ते पाहिले असं धरा. शक्यता ५९ टक्के होते. डेकमध्ये एकही नवा एक्सार्क किंवा ट्विन टाकलेला नाही, फक्त शोध वेगवान केला. सर्च इंजिन चांगलं असेल तर माहिती तीच असूनही लवकर सापडते, तसंच हे.

तिसरं म्हणजे पहिला हात परत करणं, ज्याला मलिगन म्हणतात. २०१९ पासूनच्या नियमानं परत सात पत्ते उचलायचे आणि एक तळाला ठेवायचा. जोडीचा एकही पत्ता नाही आणि शोधणारा पत्ताही नाही, असा 'दिसायला बरा' हात कॉम्बो डेकमध्ये परत करायची सवय लावावी लागते. हे मनाला जड जातं, खरं आहे.

खेळताना: घाई करणारा हरतो

पत्ते कसे घडतात याचा एक नियम आधी समजून घ्या. मॅजिकमध्ये 'स्टॅक' असतो, अगदी कॉम्प्युटर सायन्समधला. ताटांची थप्पी लावली की शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. मी ट्विन खेळलो, तो थप्पीत गेला. समोरच्यानं उत्तर म्हणून 'लायटनिंग बोल्ट' टाकला. आता बोल्ट आधी घडणार. माझा प्राणी मेला तर ट्विन चढायला जागाच नाही. दोन पत्ते गेले, एक पाळी गेली.

म्हणूनच एक्सार्क आणि पेस्टरमाइट सारखे असले तरी सारखे नाहीत. बोल्ट तीन गुणांची इजा करतो. एक्सार्कची सहनशक्ती चार, तो वाचतो. पेस्टरमाइटची एक, तो जातो. समोर लाल रंगाचा डेक असेल तर कोणत्या प्राण्यावर ट्विन चढवायचा हे यावरून ठरतं. 'पाथ टू एक्झाइल' असेल तर दोघेही जातात, तिथे वाट बघणंच बरं.

एक्सार्क आपल्या पाळीत न टाकता समोरच्याच्या पाळीच्या अगदी शेवटी का टाकायचा? एक कारण म्हणजे मैदानात नुकताच आलेला प्राणी लगेच आडवा करून वापरता येत नाही. पाळी आपल्याकडे आली की तो तयार होतो. दुसरं कारण जास्त मजेशीर. येताना एक्सार्कनं समोरच्याची एक जमीन आडवी करायची. ती त्याच्या स्वतःच्या पुढच्या पाळीपर्यंत उभी होत नाही. म्हणजे नेमक्या आपल्या निर्णायक पाळीत त्याच्याकडे एक माना कमी. कित्येक डाव या एका मानावर फिरतात.

आणि ट्विन डेकची खरी ताकद लूपमध्ये नव्हतीच, असं माझं मत आहे. तिसऱ्या जमिनीनंतर समोरचा माणूस धास्तावलेला असतो. उत्तर द्यायला माना शिल्लक ठेवावा म्हणून तो स्वतःचे पत्ते खेळत नाही. मग तुम्ही निवांत पेस्टरमाइटनं दोन-दोन गुण मारत राहता. तीन डावांच्या सामन्यात दुसऱ्या डावापासून बाजूच्या १५ पत्त्यांतून अदलाबदल करता येते. तेव्हा काही खेळाडू ट्विनच काढून टाकायचे आणि समोरचा नसलेल्या कॉम्बोची वाट बघत बसायचा!

सरावासाठी समोर कुणी नसतानाही डेक खेळून बघा. वहीत नोंद ठेवा: कितव्या पाळीला जोडी जमली, कशामुळे अडलं, जमीन कमी की जास्त. लातूर पॅटर्नमध्ये सराव परीक्षांवर सराव परीक्षा देतात ना, तसंच. पन्नास हातांनंतर डेकचं दुखणं कुठे आहे ते वहीच सांगते.

पैशाचा प्रश्न

घरच्यांची पहिली शंका: हा जुगार आहे का? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यामुळे ही शंका येणं साहजिक आहे. इथे डावावर पैसे लावले जात नाहीत. पत्ते विकत घेतले जातात, क्रिकेटची बॅट घेतो तसे. पण एक गोष्ट मी स्पष्ट सांगतो: बंद पाकिटं फोडत राहायची सवय लॉटरीच्या जवळ जाते. आत काय निघेल ते नशिबावर. डेक बांधायचा असेल तर हवा तो पत्ता सुटा घ्या.

दुसरा धोका बंदीचा. ट्विन डेकनं 'मॉडर्न' या प्रकारात २०११ ची फिलाडेल्फियाची प्रो टूर जिंकली, २०१५ ची वॉशिंग्टनची पण जिंकली. आणि जानेवारी २०१६ मध्ये स्प्लिंटर ट्विनवर त्या प्रकारात बंदी आली. ज्यांनी पै-पै जमवून डेक पुरा केला होता त्यांच्या हातातला मुख्य पत्ता त्या स्पर्धांसाठी बाद झाला. बंदी उठली ती थेट डिसेंबर २०२४ मध्ये. जवळपास नऊ वर्षं! तोवर बाकीचे डेक इतके वेगवान झाले होते की जुना दबदबा परत आला नाही.

खरेदीचा क्रम मी म्हणून उलटा सांगतो. कॉम्बोचे मुख्य पत्ते सगळ्यात शेवटी. आधी जमिनी, मग सीरम व्हिजन्ससारखे शोधणारे पत्ते, मग बोल्ट. बंदी आली तरी हे दुसऱ्या डेकमध्ये चालतात.

आणि त्याही आधी फुकटात खेळून बघा. 'फोर्ज' हा मोफत प्रोग्राम कॉम्प्युटरविरुद्ध खेळू देतो. 'एक्समेज' नियम स्वतः सांभाळतो, मित्राबरोबर खेळायला बरा. 'कॉकाट्रिस' हलका आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो, पण त्यात नियम तुम्हालाच पाळावे लागतात. समोरासमोर खेळायचं असेल तर कागदाच्या चिठ्ठीवर पत्त्याचं नाव आणि काम लिहा, जुन्या बावन्न पत्त्यांवर ठेवा आणि वरून प्लास्टिकचं कव्हर घाला. आमच्या रविवारच्या डावांत अर्धे पत्ते असेच असतात. अधिकृत स्पर्धेत असे पत्ते चालत नाहीत, तिथे अस्सलच लागतात. घरगुती डावाला कुणाची हरकत नसते, फक्त आधी सांगायचं. चिठ्ठ्यांच्या डेकनं वीस-पंचवीस सामने झाले, वहीतले आकडे पटले आणि तरीही तोच डेक खेळावासा वाटला, तर मग पहिल्या जमिनींची ऑर्डर टाका.