धपाटा घालण्याआधी रक्त तपासा



सुगीच्या दिवसांत आईवडील पहाटेच शेतावर जातात. मागे राहिलेले तीन वर्षांचे पोर चहात बटर बुडवून खाते, दिवसभर किरकिर करते, खेळात रमत नाही आणि कोणाचे लक्ष नसले की माती तोंडात घालते. संध्याकाळी दमून आलेली आई त्याला धपाटा घालते. शेजारीण म्हणते, "दृष्ट लागली असेल." खरे कारण पुष्कळदा रक्तात असते.

लोह कमी पडले की रक्त फिके पडते, हे आपण जाणतो. पण मेंदूच्या वाढीलाही लोह लागते. ते न मिळाल्यास मूल चिडखोर किंवा मलूल होते, त्याचे लक्ष टिकत नाही. माती खाणे हीही त्याचीच एक खूण. कोस्टा रिका देशातील काही मुलांना तान्हेपणी लोहाची मोठी उणीव होती. वेळीच औषध मिळूनही दहा वर्षांनंतर अभ्यासात व वागणुकीत त्यांच्या अडचणी इतरांपेक्षा अधिक आढळल्या. म्हणून उणीव होऊच न देणे शहाणपणाचे. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांपैकी ६७ मुलांत रक्तक्षय आढळला.

मग काय करावे? सहा महिन्यांनंतर अंगावरच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे. मऊ शिजवलेली डाळ, मोड आलेले मूग, पालेभाजी, अंडे, मासे, काळीज द्यावे. डाळभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. चहा मात्र लहान मुलाला देऊच नये, कारण चहा लोह अडवतो. बांधावर एक शेवगा आणि परड्यात एक लिंबू लावणे कोणालाही अवघड नाही.

आशाताईंकडून मिळणारे लोहाचे औषध पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा, एक मिलिलिटर द्यावे. शौच काळी झाली तरी घाबरू नये. बाटली मात्र मुलाच्या हाती लागू देऊ नये, कारण जास्त लोह विषारी ठरते. एक वर्षानंतर जंताचे औषधही चुकवू नये.

प्रत्येक हट्टामागे लोहाची उणीवच असते, असे नाही. तरी मूल माती खात असेल, फिके दिसत असेल, तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल, तर त्या पोराला मार नको, औषध आणि सकस घास हवा.