67 इंचांवर खिळा

सकाळी 8.30
टेम्पो कलादालनाच्या दारात उभा आहे आणि काका त्याच्या मागे. काका म्हणजे निवृत्त बँक अधिकारी. आयुष्यभर सुट्टीच्या दिवशी त्यांनी सांगोला, लोणंद, चाकण असे आठवडी बाजार कॅमेरा घेऊन पालथे घातले. सगळे फोटो कृष्णधवल. मी 24 फ्रेमा सांगितल्या होत्या, उतरल्या 31. त्यावर आत्ताच बोलायचं नाही, असं ठरवलं. फ्रेमा उभ्या, काचेला काच आणि पाठीला पाठ लावून भिंतीशी ठेवल्या. आडव्या रचल्या की तळातली काच गेलीच म्हणून समजा.

9.15
चपला बाहेर. सगळ्या फ्रेमा जमिनीवर, ज्या त्या भिंतीपुढे. प्रदर्शन खरं इथेच लागतं. भिंतीवर नंतर फक्त ते वर जातं. काकांनी सालवार यादी आणली होती, ती मी घडी करून खिशात ठेवली. बाजार पहाटे भरतो आणि संध्याकाळी उठतो, तसंच चालत जाऊ. दारातून थेट दिसेल तिथे म्हशीच्या पाठीवर हात ठेवलेला व्यापारी. डाव्या भिंतीच्या शेवटी एक म्हातारी चौकटीबाहेर बघत होती; तिच्या नजरेमागोमाग बघणारा माणूसही सरळ दाराबाहेर गेला असता. तिला भिंतीच्या सुरुवातीला आणलं, आता ती आतल्या फोटोंकडे बघते.

11.00
भांडण. टाळून टळणार नव्हतंच.
“अगं, ‘फॅमिली ऑफ मॅन’मध्ये 503 फोटो होते! तुला 31 जड झाले?”
काकांचा अभ्यास पक्का. एडवर्ड स्टायकेन यांनी 1955 साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लावलेलं ते प्रदर्शन पुढच्या वर्षी मुंबईच्या जहांगीरलाही आलं होतं. पण तिथे फोटो लहानमोठे होते, फ्रेमेविना होते, काही तर भिंत सोडून पुढे आलेले. माणसाने कुठून कुठे चालावं याची आखणी पॉल रुडॉल्फ या वास्तुविशारदाने केली होती. आपल्याकडे चार भिंती आणि एकाच मापाच्या फ्रेमा.
“काका, मोठी भिंत 40 फूट, म्हणजे 480 इंच. फ्रेम 30 इंच रुंद. बारा लावल्या तर मधे सव्वानऊ इंच उरतात. नऊ लावल्या तर 21.”
काका बराच वेळ टेपकडे बघत राहिले. मग स्वतःच कांद्याच्या ढिगाचा फोटो उचलून बाजूला ठेवला. बाकीचे सहा मी निवडले. सातही चांगले होते, हे मुद्दाम लिहून ठेवते.

12.15
मोजमाप. फोटोचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर, साधारण नजरेच्या पातळीत. फ्रेमची उंची 24, तिची निम्मी 12. मागच्या दोन कड्या वरच्या काठापासून 3 इंच खाली. 58 अधिक 12 उणे 3, म्हणजे खिळा 67 इंचांवर. दोन कड्या, दोन खिळे. एका खिळ्यावरची फ्रेम दुसऱ्या दिवशी मान टाकते. इथल्या भिंतीला प्लायवूड आहे म्हणून ठोकाठोक चालते. जिथे चालत नाही तिथे वरच्या पट्टीवरून तंगूस सोडायचा आणि गाठी मारत बसायचं.

1.45
डबा. खिळे ठोकायला आलेल्या मामांच्या ठेच्याने दुपार निभावली.

2.30
मामा शिडीवर, मी लांब उभी. “दोन सूत वर घ्या. हां. डावीकडे एक सूत.” पाचव्या फ्रेमेपाशी ओळ घसरल्यासारखी वाटायला लागली. पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मधोमध. मामा वर बघून म्हणाले, “ताई, छत वाकडं आहे, फोटो सरळ आहेत.” पाणसळीवर विश्वास ठेवला आणि पुढे सरकलो.

4.45
पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं आणि कंदिलाच्या उजेडातल्या हॉटेलाचा फोटो आरसा झाला. काळा फोटो, वर काच, समोर खिडकी. त्यात मला माझाच थकलेला चेहरा दिसला. सकाळी ढग होते म्हणून सुटलं, पण चूक माझीच. त्या जागी धुक्यातला गुरांचा बाजार लावला, पांढुरका, काच सहज झाकणारा. हॉटेल आतल्या भिंतीवर. मापं सारखी म्हणून नवे खिळे लागले नाहीत.

6.30
सनबोर्डावरच्या पट्ट्या: गाव, महिना, साल, बस्स. काकांनी लिहिलेल्या चारोळ्या मी वगळल्या. फोटोत जे दिसतंय ते पट्टीवर पुन्हा कशाला? पट्टी फ्रेमच्या उजवीकडे, ठळक अक्षरांत. फोटो बघायला येणाऱ्यांत काकांच्या वयाचे पुष्कळ असतात, त्यांना वाकायला लावू नये.

7.45
दिवे. झोत उभ्या रेषेपासून तीसेक अंश कलता. फार सरळ खाली पडला तर फ्रेमची सावली फोटोवर उतरते, फार आडवा आला तर बघणाऱ्याच्या डोक्याची. हे काम काळोख पडल्याशिवाय जमत नाही आणि तोवर सगळ्यांना घरी जायचं असतं.

9.00
काका एकटेच एक फेरी मारून आले. काही बोलले नाहीत, फक्त म्हशीच्या फोटोवरचा बोटाचा ठसा रुमालाने पुसला. मामांनी शिडी मिटली आणि खिळे मोजले. पन्नास आणले होते. 48 भिंतीत, दोन वाकलेले.