खोली 5 किमी की 200 किमी? भूकंपाच्या बातमीतला हा आकडा खेडकरांनी का वाचायला हवा

मांडणीवरची भांडी वाजतात, कौलं खडखडतात, पंखा हलायला लागतो. दोन मिनिटांत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, "जाणवला का?" त्याखाली रांगेनं उत्तरं येतात. भरण्यात जाणवला, आमच्याकडे नाही, चिपळूणला जोरात होता. थोड्या वेळानं बातमीचं कार्ड फिरायला लागतं. त्यावर तीव्रता, केंद्र, वेळ आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात खोली.

तीव्रतेचा आकडा सगळे वाचतात. खोलीचा फारसा कुणी वाचत नाही. पण तुमचं घर किती हलणार, धक्का किती लांबपर्यंत जाणवणार आणि नुकसान किती होणार, यातलं बरंचसं त्याच आकड्यावर ठरतं.

खोली म्हणजे कशाची खोली?

जमिनीखाली जिथे खडक तुटून सरकायला सुरुवात होते, ती जागा म्हणजे भूकंपाची नाभी. तिच्या बरोब्बर वर, जमिनीवर जो बिंदू येतो, त्याला आपण केंद्र म्हणतो. नाभी आणि केंद्र यांच्यातलं उभं अंतर म्हणजे खोली.

शास्त्रज्ञ खोलीनुसार भूकंपांचे तीन गट करतात. 70 किमीपर्यंतचे उथळ, 70 ते 300 किमीचे मध्यम आणि त्याखाली साधारण 700 किमीपर्यंतचे खोल. 700 किमीच्या खाली भूकंप जवळजवळ होतच नाहीत.

खेड ते कोयनानगर, एक साधं गणित

खेड आणि कोयनानगर यांच्यात सह्याद्री आहे, पण सरळ रेषेत मोजलं तर अंतर जेमतेम 50 किमी भरतं. समजा, कोयनानगरच्या खाली 5 किमीवर भूकंप झाला. कोयनानगरचा माणूस नाभीपासून 5 किमीवर आहे आणि खेडचा माणूस 50 किमीवर. म्हणजे दहापट लांब. लाटा पसरत जातात तशा कमजोर होतात. त्यामुळे तिथे भिंतीला तडे जाऊ शकतात आणि इथे फक्त भांडी वाजतात.

आता समजा, त्याच जागी पण 200 किमी खोलीवर भूकंप झाला. कोयनानगर नाभीपासून 200 किमी आणि खेड 206 किमी. फरक जवळजवळ शून्य! दोन्हीकडे धक्का सारखाच आणि दोन्हीकडे तुलनेनं सौम्य.

सगळ्या विषयाचं सार यात आलं. उथळ भूकंप थोड्या जागेत जोरात मारतो. खोल भूकंप मोठ्या प्रदेशाला एकसारखा हलवतो, पण त्याचा मार पसरून हलका झालेला असतो.

2015 साली हेच दोनदा दिसलं

25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये 7.8 चा भूकंप झाला. खोली 15 किमीच्या आत. जवळपास 9 हजार माणसं गेली.

त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला अफगाणिस्तानातल्या हिंदुकुश पर्वतात 7.5 चा भूकंप झाला. खोली 200 किमीहून थोडी जास्त. हजार किमी लांब दिल्लीत लोक इमारतींबाहेर पळाले, मेट्रो काही काळ थांबवावी लागली. अफगाणिस्तान आणि पाकिस्तान मिळून मृतांचा आकडा 400 च्या आसपास राहिला.

नेपाळचा भूकंप थोडा मोठा होता आणि दाट वस्तीच्या काठमांडू खोऱ्याजवळ होता, हेही खरं. पण दोन घटनांमधल्या एवढ्या तफावतीचं एक मोठं कारण खोली आहे.

याहून टोकाचं उदाहरण रशियाचं. 24 मे 2013 ला ओखोट्स्क समुद्राखाली सुमारे 600 किमी खोलीवर 8.3 चा भूकंप झाला. तो सहा हजार किमीहून लांब असलेल्या मॉस्कोत जाणवला. एवढा प्रचंड भूकंप असूनही मोठी हानी झाली नाही.

इतक्या खोल खडक तुटतो तरी कसा?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं छळत होता. खोल गेलं की उष्णता आणि दाब इतका वाढतो की खडक काचेसारखा तडकत नाही, हळूहळू वाकतो आणि वाहतो. मग भूकंप कसा होईल?

जपानचे कियू वादाती यांनी 1920 च्या दशकात नोंदींवरून दाखवलं की खोल भूकंप खरंच होतात. पुढे कारणही कळलं. समुद्राचा तळ असलेली जुनी, थंड, जड प्लेट काही ठिकाणी दुसऱ्या प्लेटखाली घुसते. ती इतकी जाड असते की शेकडो किमी खाली गेली तरी आतून पुरती तापत नाही. मधल्या खोलीवर तिच्या खनिजांतलं पाणी बाहेर पडतं आणि खडक कमकुवत होतो. आणखी खाली दाबामुळे ऑलिव्हिन नावाच्या खनिजाची रचना बदलते आणि त्यातून खडक अचानक सरकू शकतो. नेमकी प्रक्रिया कोणती यावर अजून संशोधन सुरू आहे.

म्हणजे खोल भूकंप कुठेही होत नाहीत. जपान, इंडोनेशिया, फिजी, दक्षिण अमेरिका अशा, प्लेट खाली घुसणाऱ्या पट्ट्यांतच ते होतात.

जाणवण्यात फरक काय?

शिमग्यात पालखी लांबच्या वाडीत असते तेव्हा आधी फक्त ढोलाचा दणका ऐकू येतो. ताशाचा कडकडाट ती जवळ आली की कानावर पडतो. भूकंपाच्या लाटांचंही तसंच आहे. झपाट्यानं थरथरवणाऱ्या लाटा वाटेतच विरतात, संथ लाटा लांबपर्यंत पोचतात.

म्हणून जवळचा उथळ भूकंप धाडकन येतो. छोटी, बैठी घरं त्यात जास्त हलतात. आवाजही होतो. कोयना परिसरात किंवा 2018 च्या नोव्हेंबरपासून पालघरच्या डहाणू-तलासरी भागात लोकांनी स्फोटासारखे आवाज ऐकले ते याचमुळे. जमिनीतून आलेल्या वेगवान लाटेचा काही भाग हवेत आवाज बनून शिरतो.

लांबचा किंवा खोल भूकंप मात्र झोपाळ्यासारखा वाटतो. चक्कर आल्याचा भास होतो. बैठ्या घरातल्या माणसाला काही कळत नाही आणि दहाव्या मजल्यावर झुंबर डोलत असतं.

अंतर ओळखायची एक युक्तीही आहे. आधी हलकी लाट येते, मग जोराची. दोन्हींमधले सेकंद मोजा आणि आठनं गुणा. साधारण तितके किलोमीटर नाभी लांब. कोयनेच्या धक्क्याला खेडमध्ये हे अंतर सहा सेकंदांच्या आसपास येतं. हा ठोकताळा आहे, पण उथळ भूकंपांना बऱ्यापैकी लागू पडतो.

मग महाराष्ट्रात खोल भूकंप होतात का?

नाही. आपल्याखाली कुठलीही प्लेट घुसत नाहीये. महाराष्ट्रातले भूकंप उथळच असतात, आणि चिंतेची गोष्ट नेमकी हीच आहे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला 6.3 च्या आसपासचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. मुंबई-पुण्यापर्यंत धक्का जाणवला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला 6.2 चा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर पडून हजारो माणसं दगावली.

हिंदुकुशच्या 7.5 समोर 6.2 छोटा वाटतो. भूकंपमापनात एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते, त्यामुळे ऊर्जेच्या हिशेबानं तो खूपच छोटा होता. पण तो पायाखालीच होता.

कोयनेत आजही धक्के बसतात. बहुतेकांची नाभी 10 किमीच्या आतच असते. जलाशयाचं पाणी खडकाच्या भेगांतून खाली झिरपतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणलेला खडक सरकतो, असं शास्त्रज्ञ सांगतात. पावसाळ्यात धरण भरल्यानंतर धक्के वाढतात, असंही नोंदींत दिसतं. नाभी इतकी वर असल्यामुळेच भारत सरकारनं इथे गोठणे गावाजवळ सुमारे 3 किमी खोल छिद्र पाडून अभ्यास सुरू केला. कराडची भूविज्ञान प्रयोगशाळा हे काम बघते.

खेडच्या खोपी गावातून रघुवीर घाट चढलं की पलीकडे कांदाटी खोरं आणि त्यात याच शिवसागर जलाशयाचं पाणी. त्यामुळे हा विषय फक्त साताऱ्याचा नाही.

फॉरवर्ड करण्याआधी हे तपासा

"खोली 10 किमी" हा आकडा बातम्यांत सारखा दिसतो. प्रत्येक वेळी तो मोजलेला असतोच असं नाही. नोंदी कमी असल्या की खोली नीट काढता येत नाही, मग अमेरिकेची यूएसजीएस ही संस्था 10 किमी धरून चालते. त्याचा अर्थ "उथळ आहे" एवढाच घ्या.

"छोटे धक्के बसले की मोठा टळतो" हे खरं नाही. 6 च्या एका भूकंपाची ऊर्जा सोडवायला 4 चे साधारण हजार भूकंप लागतील.

"आज रात्री मोठा येणार" हा मेसेज खोटाच. तारीख-वेळ सांगून भूकंपाचं भाकीत जगात कुणालाच करता येत नाही.

खेडमध्ये राहताना काय करायचं?

आपल्याकडचा धक्का उथळ असतो, म्हणजे वेळ सेकंदांचा मिळतो. पहिली थरथर जाणवली की पळापळ न करता मजबूत टेबलाखाली वाका, डोकं झाका, पाय धरून ठेवा. कौलारू घरात पडवीच्या कडेला उभं राहू नका, कौलं तिथेच घसरतात. लिफ्ट वापरू नका.

जुन्या जांभ्याच्या भिंतीत, विशेषतः कोपऱ्यात, तडा वाढतोय का हे बघा. तळमजल्यावर फक्त खांब आणि पार्किंग असलेली नवी इमारत घेत असाल, तर तिचं डिझाइन भूकंपाचा विचार करून झालंय का हे बिल्डरला विचारा. घरामागे डोंगर असेल तर धक्क्यानंतर उतारावर भेगा पडल्यात का ते पाहा. जुलै 2021 मध्ये पोसरे इथे दरड कोसळून 17 जण गेले. ती दरड पावसानं आली होती, पण धक्क्यानं सैल झालेला उतार पुढच्या पावसात जास्त धोक्याचा ठरतो. अशी भेग दिसली तर तलाठ्याला किंवा 1077 या जिल्हा आपत्ती क्रमांकावर कळवा.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर भूकंपाचं कार्ड आलं की तीव्रतेसोबत खोली आणि आपल्या गावापासूनचं अंतरही वाचा. "जाणवला का?" याचं अर्धं उत्तर त्यातच असतं.